संसार मोडला तरी हक्क मोडत नाहीत

घटस्फोट, विभक्तता, पोटगी आणि मुलांचा ताबा : कायदा काय सांगतो आणि मदत कुठे मिळते

नवरा-बायकोचे पटेनासे झाले की आधी घरातली वडीलधारी मंडळी बसतात, मग दोन्हीकडचे चार नातेवाईक. समजुतीचे उपाय थकले की कुणीतरी मुद्रांक कागद आणतो. 'आजपासून आमचा एकमेकांशी काही संबंध नाही' असा मजकूर त्यावर टंकला जातो, साक्षीदारांच्या सह्या होतात, नोटरीचा शिक्का बसतो आणि 'सोडचिठ्ठी झाली' असे समजून दोन्ही घरे आपापल्या वाटेने जातात. शहरातील सुशिक्षित कुटुंबेही या समजुतीला अपवाद नाहीत. कायद्याच्या दृष्टीने मात्र ते दोघे त्या दिवशी पती-पत्नीच असतात आणि पुढेही राहतात.

या एका गैरसमजाची किंमत पुढे वर्षानुवर्षे मोजावी लागते. ती बहुधा स्त्रीला आणि मुलांना अधिक मोजावी लागते. पोटगी, राहते घर, स्त्रीधन, मुलांचा ताबा हे प्रश्न त्या कागदाने सुटत नाहीत, उलट अनेकदा अडकतात. वास्तविक या प्रत्येक प्रश्नासाठी कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे आणि स्त्रियांना त्यासाठी विनामूल्य वकीलही मिळतो. फक्त सही करण्यापूर्वी विचारणा व्हायला हवी.

कागद नव्हे, हुकूमनामा

हिंदू विवाह कायदा, 1955 नुसार झालेला विवाह न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच संपुष्टात येतो. नोटरीसमोरचा करार, वकिलाची नोटीस किंवा जातपंचायतीचा निवाडा यांपैकी कशानेही तो मोडत नाही. काही समाजांतील रूढीने चालत आलेल्या काडीमोडीला या कायद्याच्या कलम 29 मध्ये स्थान आहे. मात्र अशी रूढी प्राचीन व सातत्याने पाळली जाणारी आहे, हे ती सांगणाऱ्यालाच पुराव्याने सिद्ध करावे लागते. नुसता कागद दाखवून ते साधत नाही.

अशा कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न केल्यास ते कायद्याने शून्यवत ठरते आणि द्विभार्या-प्रतिबंधाचा गुन्हा घडतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 नुसार त्यासाठी सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. त्या दुसऱ्या विवाहातील अपत्ये कायद्याने औरस मानली जातात, पण त्या स्त्रीला पत्नीचा दर्जा मिळत नाही.

आणखी एक धोका सहसा ध्यानात येत नाही. पत्नी, मुले व आईवडील यांच्या पोटगीची तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 मध्ये होती. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्ये आहे. पती-पत्नी परस्परसंमतीने वेगळे राहत असतील तर पत्नीला या कलमाखाली पोटगी मागता येत नाही. 'आम्ही राजीखुशीने विभक्त राहत आहोत' हे सोडचिठ्ठीतील वाक्य पुढे तिच्याच विरोधात पुरावा म्हणून उभे राहू शकते. घटस्फोटाचा हुकूमनामा झाला नाही आणि पोटगीचा एक मार्गही अरुंद झाला, अशी दुहेरी अडचण त्यातून ओढवते.

कोणाला कोणता कायदा

आपला विवाह कोणत्या कायद्याखाली झाला, हा पहिला प्रश्न. हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांना हिंदू विवाह कायदा लागू आहे. केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याखेरीज तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही. विवाह नोंदणी अधिकाऱ्यासमोर विशेष विवाह कायदा, 1954 खाली लग्न केलेल्यांना तो कायदा लागू होतो. धार्मिक विधीने लग्न करून नंतर महाराष्ट्राच्या 1998 च्या कायद्यान्वये केवळ त्याची नोंदणी केली असेल, तर त्या नोंदणीने विवाहाचा कायदा बदलत नाही. 'कोर्टात नोंदवले, म्हणजे कोर्ट मॅरेज' हा समज चुकीचा आहे.

ख्रिस्ती दांपत्यांसाठी 1869 चा घटस्फोट कायदा असून त्यात 2001 मध्ये मोठ्या सुधारणा झाल्या. पारशी समाजासाठी 1936 चा स्वतंत्र कायदा आहे. मुंबईच्या पारशी विवाह न्यायालयात न्यायाधीशांसोबत समाजाचे प्रतिनिधी बसतात. मुस्लिम स्त्रीला 1939 च्या कायद्याखाली न्यायालयातून विवाहविच्छेद मागता येतो. शिवाय खुला व मुबारत हे व्यक्तिगत कायद्यातील मार्ग आहेत. एका दमात तीनदा उच्चारलेला तलाक सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2017 रोजी रद्दबातल ठरवला आणि 2019 च्या कायद्याने तो गुन्हा झाला. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही कलम 125 खाली पोटगी मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये स्पष्ट केले.

संमतीने की दाव्याने

घटस्फोटाचे मुख्य मार्ग दोन. दोघांनाही तो हवा असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब खाली संयुक्त अर्ज करता येतो. त्यासाठी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. पहिल्या अर्जानंतर सहा महिन्यांनी आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा न्यायालयासमोर येऊन संमती कायम असल्याचे सांगायचे असते. हा सहा महिन्यांचा काळ सक्तीचा नाही. दोघे दीर्घकाळ विभक्त असतील, समेटाचे प्रयत्न निष्फळ ठरले असतील आणि पोटगी, मुले आदी प्रश्न मिटले असतील तर न्यायालय तो माफ करू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2017 मध्ये दिला. विशेष विवाह कायद्यातही संमतीच्या घटस्फोटाला एक वर्षाची विभक्तता लागते. ख्रिस्ती विवाहांच्या कायद्यातील मजकुरात ही मुदत दोन वर्षांची आहे.

हुकूमनामा होईपर्यंत कोणालाही संमती मागे घेता येते, हे येथे लक्षात ठेवावे. म्हणूनच ठरलेल्या रकमेचा काही भाग पहिल्या अर्जाच्या वेळी आणि उरलेला अंतिम सुनावणीला देण्याची पद्धत रूढ आहे.

संमती नसेल तर एका पक्षाला दावा दाखल करून कारण सिद्ध करावे लागते. क्रूरता, व्यभिचार, सलग दोन वर्षे परित्याग, धर्मांतर, गंभीर मानसिक आजार, सात वर्षे ठावठिकाणा नसणे अशी ती कारणे आहेत. कुष्ठरोग हे कारण 2019 मध्ये वगळण्यात आले. 'संसार सावरण्यापलीकडे मोडला आहे' हे कारण मात्र हिंदू विवाह कायद्यात आजही नाही. त्या आधारावर विवाह संपवण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद 142 खाली सर्वोच्च न्यायालयाला आहे, असे घटनापीठाने 1 मे 2023 रोजी सांगितले. खालच्या न्यायालयांना तो नाही.

घटस्फोट नको, पण एकत्र राहणेही अशक्य, अशांसाठी न्यायिक विभक्ततेचा मार्ग आहे. त्यात विवाह कायम राहतो, सहवासाचे बंधन उरत नाही. या हुकूमनाम्यानंतर वर्षभर पुन्हा सहवास न झाल्यास दोघांपैकी कोणीही घटस्फोट मागू शकतो. याउलट, जोडीदाराने सबळ कारणाशिवाय घर सोडले असेल तर दुसऱ्याला 'नांदवण्याचा दावा' दाखल करता येतो. लग्नाला एक वर्ष होण्यापूर्वी मात्र असाधारण हालअपेष्टांचे कारण असल्याशिवाय घटस्फोटाचा अर्ज दाखल होत नाही.

वकील परवडत नसेल तर

कायदेविषयक सेवा प्राधिकरण कायदा, 1987 हा 9 नोव्हेंबर 1995 पासून अमलात आहे. त्याच्या कलम 12 नुसार प्रत्येक स्त्रीला विनामूल्य कायदेशीर मदतीचा हक्क आहे. तिचे किंवा तिच्या पतीचे उत्पन्न किती, हा प्रश्न येथे येत नाही. नोकरी करणारी, पगारदार स्त्रीही पात्र आहे. मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांनाही हा हक्क आहे. अन्य पुरुषांसाठी उत्पन्नाची अट असून महाराष्ट्रात ती वार्षिक 3 लाख रुपये आहे.

अर्ज प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे करायचा असतो. लिहिता येत नसेल तर कर्मचारी तो लिहून घेतात. अर्ज मंजूर झाल्यावर पॅनेलवरील वकील नेमला जातो. त्याने पक्षकाराकडून पैसे घ्यायचे नसतात. मागितल्यास प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. राष्ट्रीय प्राधिकरणाचा 15100 हा दूरध्वनी क्रमांक देशभर उपलब्ध आहे. याखेरीज पोटगी, मालमत्ता, हिंसाचार व घटस्फोट यांसंबंधीच्या दाव्यांत स्त्रियांना न्यायालयीन शुल्क माफ करणारी अधिसूचना महाराष्ट्र शासनाने 1994 मध्येच काढलेली आहे.

खासगी वकील नेमायचा असल्यास शुल्क, त्यात कोणती कामे येतात आणि प्रत्येक तारखेचा वेगळा आकार आहे का, हे आधी लेखी ठरवून घ्यावे. पोटगीच्या रकमेत टक्का ठरवणे किंवा निकालावर अवलंबून शुल्क आकारणे बार कौन्सिलच्या नियमांनुसार निषिद्ध आहे.

मारहाण, धमकी किंवा घराबाहेर काढले जाण्याची भीती असेल तर वकील शोधत बसू नये. पोलिसांसाठी 112 आणि महिलांसाठी 181 हे क्रमांक आहेत. टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी 1984 मध्ये सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष पुढे राज्यभर विस्तारला; तेथे प्रशिक्षित समाजकार्यकर्ते भेटतात. 1993 मध्ये स्थापन झालेल्या राज्य महिला आयोगाकडेही तक्रार करता येते.

कौटुंबिक न्यायालयाची पायरी

कुटुंबाचे तंटे रुक्ष दिवाणी दाव्यांसारखे चालू नयेत, या हेतूने 1984 मध्ये कौटुंबिक न्यायालय कायदा झाला. महाराष्ट्रात पुणे व मुंबई येथे 1989 मध्ये ही न्यायालये सुरू झाली. आज मुंबईचे न्यायालय वांद्रे-कुर्ला संकुलात, तर पुण्याचे शिवाजीनगरात आहे. नागपूर, छत्रपती संभाजीनगर आदी शहरांतही कौटुंबिक न्यायालये आहेत. जेथे ती नाहीत तेथे असे दावे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे चालतात.

दावा कोठे दाखल करायचा, याचेही नियम आहेत. लग्न जेथे झाले, दोघे शेवटचे एकत्र जेथे राहिले किंवा प्रतिवादी जेथे राहतो, ते ठिकाण चालते. 2003 च्या दुरुस्तीनंतर पत्नीला स्वतःच्या सध्याच्या वास्तव्याच्या ठिकाणीही अर्ज करता येतो. माहेरी परतलेल्या स्त्रीला प्रत्येक तारखेला सासरच्या गावी जाण्याची गरज त्यामुळे उरलेली नाही.

या न्यायालयात वकिलामार्फत बाजू मांडणे हा आपोआप मिळणारा हक्क नाही. त्यासाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. व्यवहारात ती बहुधा मिळते. स्वतः बाजू मांडण्याचीही मुभा आहे. प्रकरण दाखल झाल्यावर समेटाचा प्रयत्न करणे न्यायालयाचे कर्तव्य असून त्यासाठी विवाह समुपदेशक नेमलेले असतात. त्यांच्या भेटीसाठी शुल्क नसते. समुपदेशन म्हणजे परत नांदायला जाण्याची सक्ती नव्हे. वेगळे व्हायचेच असेल तर कमीत कमी कटुतेने कसे व्हावे, हेही तेथे ठरू शकते. एका पक्षाने मागणी केल्यास सुनावणी बंद दालनात होते. लोकअदालतीत मात्र पोटगी, मुलांचा ताबा यांसारखे वाद मिटवता येतात. घटस्फोट तेथे मिळत नाही.

पोटगी : उपकार नव्हे

दावा चालू असताना अंतरिम पोटगी आणि निकालाच्या वेळी कायम पोटगी, अशा दोन्ही मागता येतात. हिंदू विवाह कायद्याखाली गरजू पतीलाही ती मागण्याची मुभा आहे. कलम 144 चा अर्ज घटस्फोटाचा दावा नसतानाही करता येतो. घटस्फोटित स्त्रीने पुनर्विवाह केला नसेल आणि तिला स्वतःचा निर्वाह करता येत नसेल, तर तिलाही हे कलम खुले आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी दिलेला निकाल या बाबतीत महत्त्वाचा आहे. त्यानुसार पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता, कर्जे व खर्च यांचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक झाले. पोटगी निकालाच्या तारखेपासून नव्हे, तर अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असेही न्यायालयाने सांगितले. त्यामुळे 'नोकरी सुटली' एवढ्या शब्दावर जबाबदारी टळत नाही. पत्नी कमावती आहे, केवळ या कारणानेही तिचा हक्क संपत नाही; तिच्या उत्पन्नात पूर्वीच्या राहणीमानाप्रमाणे निर्वाह होतो का, हे पाहिले जाते.

आदेश होऊनही पैसे मिळाले नाहीत तर वसुलीचा अर्ज करता येतो. कलम 144 खाली थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायला हवा. 'आज देईल, उद्या देईल' म्हणत थांबलेल्यांची जुनी थकबाकी येथेच हातची जाते.

घर आणि स्त्रीधन

कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. संरक्षण, निवास, आर्थिक मदत आणि मुलांचा तात्पुरता ताबा हे सारे त्याखाली एकाच अर्जाने मागता येते. हिंसाचार म्हणजे केवळ मारहाण नव्हे. मानसिक छळ, लैंगिक अत्याचार आणि खर्चाला पैसे न देणे यांचाही त्यात समावेश आहे. घर सासऱ्यांच्या नावावर असले, तरी जेथे संसार झाला त्या घरात राहण्याचा हक्क सुनेला मागता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2020 मध्ये स्पष्ट केले. हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नव्हे. संरक्षण आदेश मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा 20 हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

मालकीच्या बाबतीत एक गैरसमज दूर व्हायला हवा. लग्नानंतर पतीने कमावलेल्या मालमत्तेत पत्नीचा आपोआप अर्धा वाटा असतो, अशी तरतूद महाराष्ट्रात नाही. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे, लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर, दोघांची मालमत्ता सामाईक मानली जाते. महाराष्ट्रात ज्याच्या नावावर घर, तो मालक. पत्नीने हप्ते भरले असतील तर बँकेचे उतारे हाच तिचा पुरावा. स्त्रीधन मात्र सर्वस्वी तिचेच. माहेरून, सासरहून वा आप्तेष्टांकडून तिला मिळालेले दागिने पतीच्या ताब्यात असले तरी त्यांवर त्याचा हक्क निर्माण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच सांगितले आहे. दागिन्यांच्या पावत्या, लग्नातील छायाचित्रे आणि लॉकरच्या नोंदी जपून ठेवाव्यात.

मुले कोणाची?

कायद्याचे उत्तर असे की, मुले वाटणीची वस्तू नाहीत. पालक व पाल्य कायदा, 1890 आणि हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, 1956 यांचा गाभा एकच : मुलाचे हित सर्वोपरी. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असे 1956 चा कायदा सांगतो. जाणत्या मुलाची इच्छा न्यायाधीश विचारात घेतात, पण ती एकमेव कसोटी नसते.

ताबा एकाकडे असला तरी दुसऱ्याचा भेटीचा हक्क आणि खर्चाची जबाबदारी दोन्ही उरतात. पोटगी थकली म्हणून मुलाची भेट रोखणे किंवा भेट मिळत नाही म्हणून पैसे थांबवणे, हे दोन्ही न्यायालयाला मान्य नसते. ताब्याचा आदेश अखेरचाही नसतो. परिस्थिती बदलल्यास तो बदलून मागता येतो.

पती-पत्नीपैकी एक जण परदेशी असेल तर गुंता वाढतो. हिंदू विवाह कायद्याखालील विवाह परदेशी न्यायालयाने त्या कायद्यात नसलेल्या कारणावरून, दुसऱ्या पक्षाने तेथील अधिकार मान्य केलेला नसताना मोडला, तर तो हुकूमनामा भारतात सामान्यतः मान्य होत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 1991 चा निर्णय आहे. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणासंबंधीच्या 1980 च्या हेग करारात भारत सहभागी नाही. त्यामुळे परदेशातून आलेली नोटीस दुर्लक्षून चालत नाही आणि मुलाला घेऊन अचानक देश सोडणेही शहाणपणाचे ठरत नाही. दोन्ही देशांतील वकिलांचा सल्ला घेणे इष्ट.

सही करण्यापूर्वी

संमतीच्या घटस्फोटात 'कन्सेंट टर्म्स' म्हणजे तडजोडीच्या अटी हाच खरा दस्तऐवज. त्यात पुढील बाबी स्पष्ट असाव्यात :

- पोटगी एकरकमी की दरमहा. रक्कम, तारीख आणि देण्याची पद्धत. दरमहा असल्यास वार्षिक वाढ किती.
- मुलांचा ताबा. भेटीचे वार, वेळ व ठिकाण. सुट्या व सणवार. शाळा, आजारपण व उच्च शिक्षणाचा खर्च.
- पारपत्र आणि परदेश प्रवासासाठी कोणाची संमती लागेल.
- घर कोणाकडे राहील आणि हस्तांतराचा दस्त कधी नोंदवला जाईल.
- गृहकर्ज कोण फेडणार. दोघे सहकर्जदार असतील तर आपसांतील अटी बँकेवर बंधनकारक नसतात. बँकेकडून नाव लेखी कमी करून घ्यावे लागते.
- स्त्रीधनाची वस्तुवार यादी आणि ते परत मिळाल्याची पोच.
- परस्परांविरुद्धची प्रकरणे कोण, कधी मागे घेणार. विवाहितेच्या छळाचा गुन्हा नुसता 'मागे घेतला' असे लिहून संपत नाही; तो रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते.

'भविष्यात कसलीही मागणी करणार नाही' हे वाक्य वाचल्याशिवाय आणि समजल्याशिवाय सही करू नये. आईने स्वतःचा हक्क सोडला तरी मुलांचा पोटगीचा हक्क तिच्या सहीने संपत नाही. मसुदा इंग्रजीत असेल तर तो मराठीत समजावून मागण्यात कमीपणा नाही.

हुकूमनामा झाल्यावर त्याच्या प्रमाणित प्रती घ्याव्यात. अपिलाची मुदत संपण्यापूर्वी पुनर्विवाह करू नये. बँक, विमा व भविष्यनिर्वाह निधीतील नामनिर्देशन बदलण्याचे काम बहुतेक जण विसरतात आणि ते वारसांच्या भांडणात उघड होते.

लग्नाच्या याद्या करताना मानपान, आहेर, जेवणावळी यांची नोंद बारकाईने होते. वेगळे होताना मात्र दोन ओळींच्या कागदावर भागवले जाते. संसार टिकवता आला नाही, तरी त्याचा शेवट नीट लिहिणे दोघांच्याही हाती असते. तो कसा लिहावा, हे सांगणारे दार जवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातच आहे.